उन्हाळी आवर्तन

ट्रेडमिलवर चढण्याआधी अर्ज करावा लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एप्रिलमधली पहाट, सव्वापाच वाजलेले. पट्ट्यावर एक पाय ठेवला तोच मागून आवाज आला, "मॅडम, पाळी आली का तुमची?"

मी दचकून वळले. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेले, किडकिडीत, सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ हातात लांबट वही घेऊन उभे होते. चेहरा इतका निरागस आणि इतका सरकारी, की माझ्या मनात आलेल्या अर्थाची मलाच लाज वाटली. त्यांनी वही उघडून दाखवली. ट्रेडमिल क्र. २. नाव, वेळ, मिनिटं, सही. शेवटी 'शेरा' असाही रकाना होता.

"नाव लिहा. पाच चाळीसला पाणी सोडतो तुम्हाले."

हे दुपट्टाकाका. तोंडावर काकाजी, पाठीमागे दुपट्टाकाका. नागपुरात मार्च ते जून दुपट्ट्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही, पण एसी आणि कूलर असलेल्या फिटनेस क्लबात तो डोक्याला बांधून वजनं उचलणारा माणूस एकच. बाकावर आडवं होण्याआधी तोच दुपट्टा अंथरायचा, उठल्यावर त्याच्याच एका टोकाने बाक पुसायचा (कोणतं टोक कशासाठी, हे ठरलेलं), आणि मग झटकून पुन्हा डोक्यावर.

काकाजी पाटबंधारे खात्यातले निवृत्त उपअभियंता. नोकरीतली बरीच वर्षं पेंच प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात, कालव्याच्या भरावावर मोटारसायकल चालवण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल दिली, नारळ दिला, पण वही काढून घ्यायला विसरलं. क्लबाच्या मालकाने त्यांना कसलाही अधिकार दिलेला नाही. पण आपल्याकडे हातात वही असलेल्या माणसाला अधिकार कुणी विचारत नाही. तिथला ट्रेनर पंचविशीतला, दंड माझ्या मांडीएवढे, तोही पाणी प्यायला जाताना काकाजींकडे एकदा बघून जातो.

क्लबाकडे ते सिंचन प्रकल्प म्हणूनच बघतात. सभासदांचे तीन हंगाम. जानेवारीत संकल्प करून येतात ती रब्बी. दिवाळीचा फराळ जिरवायला येतात ती मंडळीही रब्बीतच, फक्त पेरणी लवकरची. कॉलेजच्या परीक्षा संपल्या, शाळांना सुट्ट्या लागल्या आणि 'तीन महिन्यांच्या पैशात चार महिने' असा फलक बाहेर लागला की उगवतात ते उन्हाळी पीक. बारमाही म्हणावेत असे सगळे मिळून अकरा. मी कशात मोडते ते मी विचारलं नाही. डॉक्टरांनी साखर 'काठावर' असल्याचं सांगितल्यामुळे मी आले होते, आणि एप्रिलमध्ये आले होते. त्यांनी शेऱ्यात 'उन्हाळी भुईमूग' असं लिहिलेलं मी नंतर वाचलं.

"भुईमूग काहून?"

"पाणी जास्त लागते, पण हाती काही येते. कलिंगड नाही लिहिलं, आनंद माना."

पहिल्या दिवशी माझ्या आधी आलेले दोन तगडे पोट्टे ताटकळत होते आणि काकाजींनी मला पुढे काढलं, तेव्हा मला वाटलं बाईमाणूस म्हणून. तसं नव्हतं. ती शेजपाळी होती. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं शेत, तो रात्रीतून दार उचलून हवं तेवढं भिजवून घेतो. शेपटाकडच्याच्या वाट्याला कोरडी चारी आणि पाटकऱ्याची आश्वासनं. म्हणून शेजपाळीत पाणी शेवटच्या शेतापासून सुरू करायचं आणि क्रमाने वर आणायचं. ज्यांना मशीन चालवता येतं, ज्यांच्याकडे बघून ट्रेनर हसतो, ते मुखाकडचे. आणि जिला पट्टा सुरू करायचं बटण सापडत नाही, ती टेल. चाळीस वर्षांत सरकारी धोरणाचा मला झालेला हा पहिला थेट लाभ.

जिममधली रीतभात म्हणून जी काही असते, ती सगळी काकाजींकडे खात्याच्या भाषेत आहे. प्लेटा बारवरच सोडून जाणं म्हणजे 'चारी उघडी टाकणे'. सेट संपल्यावर मशीनवर बसून मोबाइलवर बोटं फिरवणं हा 'अपव्यय'. बाटली किंवा नॅपकिन ठेवून मशीन अडवणं म्हणजे 'अनधिकृत उपसा', त्याला पंचनामा. डंबेल धाडकन जमिनीवर आपटणाऱ्याला ते काही बोलत नाहीत, नुसते जाऊन फरशीला तडा गेला का ते वाकून बघतात, बोटाने चाचपतात आणि त्याच्यासमोर वहीत काही तरी लिहितात. मी एकदा डोकावून पाहिलं. 'गेट क्र. ४, दणका, तडा नाही' एवढंच होतं. पण तो पोट्टा तेव्हापासून डंबेल असं टेकवतो, जसं झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं.

त्यांचा खरा जीव घामात आहे. इथला उन्हाळा कोरडा. कोकणात माणूस घामाने निथळतो तरी. इथे चव्वेचाळीस डिग्रीत घाम येतो आणि कळायच्या आत उडून जातो. म्हणून तर इथे वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर गारवा देतो आणि मुंबईत तोच कूलर खोलीची नुसती गुहा करतो. अंग कोरडं दिसतं म्हणून माणूस पाणी पीत नाही आणि दुपारी चक्कर येऊन पडतो. काकाजींच्या मते हा निव्वळ वहनव्यय. कालव्यात सोडलेलं सगळं पाणी शेतात पोचत नाही, वाटेत बाष्पीभवन होतं, पाझरतं. तो व्यय मोजायला हवा. म्हणून ते व्यायामाआधी आणि नंतर वजन करतात आणि दुसऱ्यांनाही करायला लावतात. घटलेला किलो म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं, ते परत भरायचं. मी पहिल्या आठवड्यात तासाभरात अर्धा किलो कमी झाले म्हणून घरी पेढे वाटायच्या बेतात होते. "ते वजन नाही मॅडम, ती गळती आहे," त्यांनी सांगितलं आणि हातात पाण्याचा ग्लास दिला. पेढे राहिले. बरं झालं, साखर काठावरच होती.

ट्रेडमिलविषयी त्यांचं मत वाईट आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. हे यंत्र विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज सिव्हिल इंजिनिअरने १८१८ च्या सुमारास काढलं ते तुरुंगातल्या कैद्यांसाठी. कैद्यांनी तासन् तास पायऱ्यांचं चाक तुडवायचं. ऑस्कर वाइल्डसारख्या नाटककारालाही १८९५ मध्ये ते तुडवावं लागलं. "पण त्या चाकावर धान्य तरी दळून व्हायचं, पाणी तरी उपसून व्हायचं," काकाजी माझ्या पट्ट्याशेजारी उभे राहून सांगत होते आणि मी ताशी पाच किलोमीटरने त्यांच्या तावडीतून सुटायचा निष्फळ प्रयत्न करत होते. "इथे बारा ट्रेडमिली चालून राहिल्या, आणि गच्चीवरच्या टाकीले वेगळी मोटर!"

ट्रेडमिलींवर टाकी भरायचा एक नकाशाही त्यांनी करून मालकाला दिला होता, असं ट्रेनर सांगतो. मालकाने तो लॅमिनेट करून ऑफिसात लावला. लॅमिनेट करणं ही आपल्याकडे फाइल बंद करायची सगळ्यात सभ्य पद्धत.

हा शिस्तीचा रोग आला कुठून? काकाजींचं लहानपण अमरावतीचं. सुट्ट्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर गेल्या. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेली ती संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूने आपले देशी खेळ जर्मनांना करून दाखवले होते. काकाजींचा जन्म त्यानंतरचा, पण सांगताना वाटतं की मल्लखांब जहाजात यांनीच चढवला. तिथे आखाड्यात उतरण्याआधी मातीला हात लावून नमस्कार, चपला बाहेर, आणि खेळून झाल्यावर माती सारखी केल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. ज्याने उकरली त्यानेच सारखी करायची. त्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती राखायची. "आता मातीऐवजी रबराचे मॅट आले. पण घाम तोच ना जी? पुसायचा कुणी?" हे बोलताना त्यांचा आवाज जरा वेगळा होतो. मग ते लगेच घड्याळ बघतात.

खाण्याबद्दलची झटापट मात्र रोजची. उन्हाळी पिकातला एक पोट्टा प्रोटीन पावडरचा मोठ्ठा डबा घेऊन यायचा आणि शेकर हलवत राहायचा. त्या खडखडाटाने काकाजींचं मोजणं चुकायचं.

"वजन किती तुझं?"

"साठ, काकाजी."

"साठ गुणिले शून्य पूर्णांक त्र्याऐंशी. किती झाले? पन्नास ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा आहे, माह्या घरचा नाही. दोन हजार चोवीसमध्ये त्यांनी सतरा सूचना काढल्या, त्यात ह्या डब्याले नाही म्हटलंय."

"ते साध्या माणसाचं आहे ना काकाजी. मी लिफ्टिंग करून राहिलो."

पोट्ट्याचं अगदीच चूक नव्हतं. वजनं उचलणाऱ्याला त्याहून जास्त लागतं, हे आहारतज्ज्ञही सांगतात. काकाजींनीही ते मान्य केलं, पण अभियंत्यासारखं. "जास्त दे. पण किती जास्त? उसाले वाटलं पाणी चांगलं म्हणून सोडतच राहिले लोकं, जमिनी चिबड झाल्या. मीठ वर आलं. तुही जमीन चिबड करू नको." मग वहीच्या मागच्या पानावर गणित: तुरीचं घट्ट वरण, भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे, दही, दोन अंड्यांचे बारा ग्रॅम. काकाजी स्वतः अंडं खात नाहीत, पण हिशेबात त्यांनी अंड्यावर कधी अन्याय केला नाही. बेरीज डब्याशिवायच सत्तरच्या पुढे गेली. पोट्टा दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी शेकर घेऊनच आला. त्यात ताक होतं. खडखडाट तेवढाच.

स्वतःचं खाणं काकाजी त्याच वहीत मांडतात, लपवत नाहीत. मे महिन्यातलं एक पान मी वाचलं आहे. 'आमरस, १ वाटी. तूप, १ चमचा. दुसरा चमचा मागितला: नामंजूर (सौ.). तर्री पोहे, १ प्लेट, शनिवार, सकाळी ७.१०, स्वतःच्या जबाबदारीवर.' मंजुरी देणारा अधिकारी घरी आहे, म्हणूनच बाहेर ते एवढे निर्भय असावेत.

मे संपत आला. नवतपा लागला. लहान मुलांची सुट्टीतली बॅच सातला यायची, त्यात चौथीतली एक मुलगी होती. दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला, आणि दुपट्टाकाकांची वही दिवसभर जवळ मिळाली तर सुट्टीत दुसरं काही नको, अशी. काकाजींनी तिला 'सहायक पाटकरी' नेमलं होतं. रकाने आखायचं काम तिचं.

एके दिवशी काकाजी व्यायामाच्या सायकलवर होते. कूलरसमोर कुणी उभं राहायचं यावरून पलीकडे तंटा झाला. उन्हाळ्यात तो रोजच होतो. काकाजी दुपट्टा सायकलच्या हँडलवर टाकून मिटवायला गेले. तिथे गारव्याच्या समन्यायी वाटपावर बोलणं रंगलं. परत आले तर पोरगी सायकलशेजारी वही घेऊन उभी.

"काय लिहून राहिली?"

तिने वही पुढे केली. गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: 'सायकल १. दुपट्टा आहे. माणूस नाही. ६ मि.'

कूलरचा आवाज तेवढा ऐकू येत होता. शेकरवाला पोट्टा हलवायचा थांबला. काकाजींनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. मग तिच्या हातातलं पेन घेऊन खाली 'मान्य' असं लिहिलं, सही केली, तारीख टाकली.

"दंड किती?" त्यांनी विचारलं.

पोरीने विचार केला. "पन्हं."

दुसऱ्या दिवशी पाच लिटरची बरणी आली. उकडलेल्या कैऱ्या, गूळ, वेलची, किंचित काळं मीठ. वाटप शेपटाकडून झालं, म्हणजे आधी ती, मग मी. तंटा करणाऱ्या दोघांना सर्वांत शेवटी मिळालं. माझ्या काठावरच्या साखरेसाठी अर्धाच ग्लास, आणि शेऱ्यात तशी नोंद.

जूनच्या मध्यावर पाऊस आला. आमच्याकडच्या शाळा उन्हामुळे महिन्याच्या शेवटी उघडतात, पण ती पोरगी आजोळी अकोल्याला निघून गेली. उन्हाळी पीक निघालं, क्लबाचा फलक उतरला. मीही एक दिवस गेले नाही. मग छत्री नव्हती म्हणून, मग बूट ओले होते म्हणून. दहाव्या दिवशी सकाळी भजी तळायला कढई ठेवली तर मोबाइल वाजला. काकाजींचा मेसेज, शुद्ध खात्याच्या मराठीत.

'टेलला नऊ दिवस पाणी पोचलेले नाही. चारी फुटली की शेत विकले? कळवावे.'

मी लिहिलं, 'पाऊस पडून राहिला ना काकाजी.'

उत्तर लगेच आलं. 'पाऊस शेतावर पडतो. ट्रेडमिल छताखाली आहे. उद्या ५.२० ला नमुना नं. ७ (पाणीमागणी अर्ज) भरून हजर राहणे. ता. क. पन्हे संपले. ताक मिळेल.'