वाकडला फ्लॅट, एडिसनला हप्ता

हे मार्गदर्शन फक्त नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी पुण्यात कर्जावर फ्लॅट घेऊन तो भाड्यानं दिलाय आणि न्यू जर्सीत बसून हप्ते भरताहेत, त्यांना आता मार्गदर्शनाचा उपयोग नाही. त्यांना सहानुभूती हवी असते आणि माझ्याकडची संपली आहे. कारण मी या व्यवहाराच्या पुण्याकडच्या टोकाला असतो. मावसभाऊ, मेहुणी, चुलत पुतण्या अशा निरनिराळ्या नात्यांनी माझ्या नावावर मुखत्यारपत्रं झालेली आहेत, आणि दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचा चहावाला मला बघितलं की न विचारता बिनसाखरेचा करतो. तेव्हा पुढचं सगळं अधिकारवाणीनं लिहिलेलं आहे असं समजा.

पहिली पायरी म्हणजे हिशेब न करणं. हिशेब केला तर दुसरी पायरी येतच नाही. तरी तुम्ही इंजिनिअर, करणारच, म्हणून मीच करून दाखवतो. धरा, वाकडचा टू बीएचके ९० लाखांचा आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर जाऊ देत नाही, म्हणजे कर्ज ७२ लाख. उरलेले १८ लाख तुमचे. त्यावर पुण्यातलं मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. ही रक्कम बँक घराच्या किमतीत धरत नाही, तीही तुमचीच. (फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला तर शुल्कात एक टक्का सूट आहे. ही सूट ऐकल्यावर काही पुरुषांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते व्हिडिओ कॉलवर फार स्पष्ट दिसतात.) बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतलात तर वर ५ टक्के जीएसटी.

आता ७२ लाखांचा साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता काढा. साडेबासष्ट हजारांच्या आसपास येतो. भाडं धरा २८ हजार. ते तरी पूर्ण हातात पडतं का? नाही. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूनं भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून सरकारात भरायचा असतो. राहिले १९ हजार २६४. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स चार हजार वजा करा. म्हणजे साडेबासष्ट हजारांच्या हप्त्याला सव्वापंधरा हजारांचा टेकू. "भाड्यातून हप्ता निघतो" हे वाक्य मी कित्येक लग्नांच्या पंगतीत ऐकलंय. बोलणारा ज्या फ्लॅटबद्दल बोलत होता तो बहुधा वडिलांनी १९९० च्या सुमारास कोथरूडला घेतलेला आणि कधीच फिटलेला होता.

एवढं वाचूनही फ्लॅट घ्यायचाच आहे? छान. म्हणजे कारण पैशाचं नाही, आणि ते एकदा मान्य केलं की पुढचं सोपं जातं. "परत आलो तर" हे ते कारण. बाकी सगळं एक्सेल शीट.

ज्यांना फ्लॅटऐवजी कोकणात जागा घेऊन चार हापूसची कलमं लावायची आहेत, त्यांच्यासाठी वाईट बातमी लगेच देऊन टाकतो. फेमा कायद्याखाली अनिवासी भारतीयाला शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे विकत घेता येत नाहीत. वारशानं आली तर ठेवता येते. वारशासाठी काय घडावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा त्यावर फोनवर चर्चा नको.

आता बँक. अमेरिकेतली बँक वाकडच्या फ्लॅटवर कर्ज देत नाही, हे समजून घ्या. हप्ते थकले तर ती जप्तीला कुठे येणार? कर्ज इथल्याच बँकेचं, रुपयातलं. व्याजदर बदलता घ्या. वैयक्तिक गृहकर्जाचा दर बदलता असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नसतो. फेड तुमच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून, परदेशातून पाठवलेल्या पैशातून, किंवा त्याच घराच्या भाड्यातून. भारतातल्या नातेवाइकानं त्याच्या खात्यातून हप्ता भरला तरीही नियमाला चालतं. हे शेवटचं वाक्य आमच्या घरी कोणाला वाचून दाखवू नका.

रुपयातलं कर्ज हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव गोड घास आहे. डॉलर २०२२ साली ८० रुपयांच्या वर गेला. पगार डॉलरमध्ये असेल तर रुपयाचा हप्ता दरवर्षी थोडा हलका होत जातो. फक्त फ्लॅटची किंमतही रुपयातच आहे, हे तुमच्या आनंदात व्यत्यय नको म्हणून हळू आवाजात सांगतो.

कागदपत्रांची यादी बँक देईल: पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र, पगाराच्या पावत्या, तिकडचा क्रेडिट रिपोर्ट, दोन्ही देशांतले पत्ते, खात्याची स्टेटमेंट. यादी सोपी आहे. अवघड आहे ते तुमचं नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा तीन डब्यांचा कारभार. पॅनवर तिन्ही, पासपोर्टवर वडील पहिल्या नावाला चिकटलेले, अमेरिकन लायसन्सवर त्यांचं नुसतं अद्याक्षर, आणि पगाराच्या पावतीवर वडील गायब. लग्न झालेल्या बाईचं तर विचारूच नका. तिच्या कागदांवर मधला माणूसही बदलतो. मग "या चारही व्यक्ती एकच आहेत" असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. ते आधीच करून ठेवा. आणि सहीचा सराव करा. पॅन कार्डावर कॉलेजात असताना केलेली ती वळणदार, खाली दोन रेघा आणि टिंब असलेली सही आठवते? बँकेला तीच हवी आहे. तुमची आताची, कुरिअरवाल्याच्या स्क्रीनवर बोटानं ओढतात तशी रेघ त्यांच्या संगणकाला ओळखू येत नाही.

यानंतर मुखत्यारपत्र. हा या मार्गदर्शनाचा गाभा आहे, आणि इथे माझा स्वार्थही आहे.

तुम्ही एखाद्या रविवारी इंटरनेटवरून मसुदा उतरवून घ्याल. नोटरी कराल. ट्रेंटनहून अपोस्टिल आणाल, किंवा न्यूयॉर्कच्या वकिलातीतून साक्षांकन. कुरिअरनं पाठवाल. ते मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत मी त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरून घेईन. जवळच्या नातेवाइकाला, मोबदला न घेता दिलेलं असेल तर ५०० रुपयांत काम भागतं. मावसभाऊ जवळचा की लांबचा, हा प्रश्न आमच्या घराण्यात अजून सुटायचा आहे, म्हणून शक्यतो आई, वडील किंवा सख्खं भावंड निवडा. (हा सल्ला निःस्वार्थी नाही.) मग तो कागद घेऊन मी बँकेत जाईन. समोरची मुलगी तो उलटा-सुलटा करून बघेल, अपोस्टिलच्या शिक्क्यावरून कौतुकानं बोट फिरवेल आणि म्हणेल, "काका, हे आमच्या फॉरमॅटमध्ये नाहीये."

म्हणून नीट ऐका: आधी बँकेचा नमुना मागवा, मगच ट्रेंटन.

ज्याला मुखत्यार नेमाल त्याला आधी विचारा. विचारणं म्हणजे "तू आहेसच ना तिथे" असं नव्हे. कार्यालयीन वेळेत मोकळा असणारा, दोन तास टोकन धरून बसू शकणारा, वकिलाच्या सर्च रिपोर्टमधल्या तीस वर्षांच्या मालकांची नावं न गोंधळता सांगणारा, बिल्डरच्या माणसाला महारेराचा नोंदणी क्रमांक आणि भोगवटा प्रमाणपत्र तोंडावर मागू शकणारा असा तो असावा लागतो. असा माणूस बहुधा निवृत्त असतो, आणि निवृत्त माणसाचा गुडघा दुखत असतो. नोंदणी कार्यालय पहिल्या मजल्यावर असतं. लिफ्ट असते. ती बंद असते.

ओटीपीचंही ठरवून घ्या. बँकेचा ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येतो. ते सिम एडिसनला नेलंत तर इथे दुपारी बारा वाजता, म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्री अडीचला, मी फोन करणार आणि तुम्ही "हं... हं..." करत सहापैकी चार आकडे सांगणार. सिम इथे ठेवलंत तर तो फोन तुमच्या आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, बंद पडलेला असणार. दोन्ही पद्धती चालू आहेत. तिसरी अजून सापडलेली नाही.

खरेदीखत नोंदवून झालं, बँकेचा चेक बिल्डरला गेला, आणि गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आत नोंदवली की फ्लॅट तुमचा, म्हणजे बँकेचा. पेढे वाटायला हरकत नाही. आता भाडेकरू शोधायचा.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं हे सांगून ठेवलंय. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. त्यामुळे "अरे, आपल्याच ऑफिसातला मुलगा आहे, कशाला कागद" हे मला सांगू नका. मुदत अकरा महिन्यांची ठेवली म्हणून नोंदणी चुकत नाही, तरी करार अकरा महिन्यांचाच करतात. का, ते एजंटालाही ठाऊक नाही.

हल्ली एजंट घरी येतो. लॅपटॉप, कॅमेरा आणि आधारचा ठसा घेणारं काळं यंत्र. तुमच्या वडिलांना मुखत्यार केलं असेल तर हा प्रसंग बघण्यासारखा असतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या बोटांवर रेषा फारशा उरलेल्या नसतात. अंगठा ठेवला, लाल. पुसून ठेवला, लाल. एजंट म्हणतो, "काका, जरा दाबून." मग काकू आतून ओला रुमाल आणतात, कोणी बोटाला खोबरेल लावायला सांगतं, एजंट "तेल नको, तेल नको" म्हणून ओरडतो, आणि तर्जनीवर एकदाचं हिरवं होतं. भाडेकरू, वय चोवीस, हे सगळं शांतपणे पाहत असतो. त्याचा ठसा पहिल्या फटक्यात येतो. निघताना तो विचारतो, "वायफाय आहे ना?"

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा. सोसायटीला कळवा. सोसायटी बिनवापर शुल्क लावेल. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, असा सरकारचा २००१ चा आदेश आहे. सेक्रेटरीनं जास्त लावलं तर आदेशाची प्रत सौम्य शब्दांत व्हॉट्सॲपवर पाठवा, पण ग्रुपवर नको. ग्रुपवर पाठवलीत तर पुढची पाच वर्षं तुमच्या भाडेकरूची गाडी कायम चुकीच्या जागी लागलेली आढळेल.

आता तो ३१.२ टक्क्यांचा कर. चोवीस वर्षांच्या मुलाला तुम्ही सांगणार की भाडं देताना कर काप, त्यासाठी टॅन क्रमांक काढ, दर तिमाहीला विवरणपत्र भर आणि मला प्रमाणपत्र दे. तो दुसरा फ्लॅट बघेल. म्हणून हे काम तुमच्या सीएकडे सोपवा आणि फी तुम्हीच द्या. कापलेला कर बुडत नाही. भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट आणि कर्जाचं व्याज वजा केलं की सुरुवातीच्या वर्षांत करपात्र असं काही उरतच नाही. विवरणपत्र भरलंत तर पैसे परत येतात. ते एनआरओ खात्यात येतात. तिथून बाहेर न्यायचे तर पंधरा सीए आणि पंधरा सीबी नावाचे फॉर्म, आणि आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा. ही मर्यादा वाचून आमच्या पुतण्याला हसू आवरेना.

अमेरिकेतही हे भाडं दाखवावं लागतं, घसारा तिथे ३० वर्षांत विभागून मिळतो, आणि परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर वेगळा अहवाल. याविषयी तिकडच्या सीएशी बोला. इकडचा आणि तिकडचा सीए एकाच कॉलवर आणायचा विचार असेल तर मला त्या कॉलमध्ये घेऊ नका.

गीझर बंद पडणं, बाल्कनीतून खालच्या मजल्यावर पाणी झिरपणं, कबुतरांची जाळी फाटणं ही पुढल्या वीस वर्षांची किरकोळ कामं आहेत. भाडेकरूला माझा नंबर द्याल, हे मी धरूनच चाललोय.

कर्ज फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत करायचं बंधन रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये बँकांवर घातलं आहे. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद घ्यायला मात्र कुणाला तरी समक्ष जावं लागेल. तोवर जुनं मुखत्यारपत्र बँकेला चालेल की नवीन नमुना आला असेल, ते आधी विचारून घ्या. त्यापेक्षा तुम्ही स्वतःच या. डिसेंबरात या, हवा चांगली असते. तारीख आधी कळवा, म्हणजे त्या आठवड्यात मला गावाला जाता येईल.