चेहरा मोजला, शिकवणं राहिलं

नाशिकहून दिंडोरीकडे निघालं की म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं. १९९८ सालचं. एमबीबीएसपासून आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगपर्यंत राज्यभरातल्या शेकडो कॉलेजांच्या पदव्या इथून निघतात. पदवी घेणारे फोटोत दिसतात. त्यांना शिकवणारे कुणाला दिसतात?

एमबीबीएस शिकवणारे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला दिसतात. निदान त्यांचे चेहरे.

मे २०२५ पासून प्राध्यापक-डॉक्टरांची हजेरी मोबाइलला चेहरा दाखवून लागते, जीपीएससकट. नुसते कागदावरचे प्राध्यापक पकडायचे तर हे हवंच होतं. पण हजर असलेल्याला शिकवायला वेळ मिळाला का, हे कुठलं ॲप सांगतं?

सकाळी ओपीडी, मग वॉर्डचा राउंड, मग लेक्चर, मधेच इमर्जन्सी. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर शोधनिबंध हवेत. निबंध मोजता येतात. बिचकलेल्या पोराच्या कानाला स्टेथोस्कोप लावून पेशंटच्या हृदयातला मर्मर ऐकवला, तो कोणत्या रकान्यात भरायचा?

आणि नोकरीतलं सुख विचारलंत, तर हे डॉक्टर सांगतात त्या मर्मरचंच. ‘ऐकू आला, सर!’ एवढ्यावर थकवा उतरतो. पगार वाढायला तर हवाच, पण हे सुख पगारपत्रकात येत नाही.

आयोगाच्या २०२५च्या नव्या नियमांनी किमान २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयांतल्या अनुभवी तज्ज्ञांनाही प्राध्यापकीचं दार उघडलं. चांगलं झालं. पण ओपीडीची रांग तेवढीच आणि हातही तेवढेच. पद मिळालं, वेळ कोण देणार?

दिंडोरी तालुक्यातल्या पाड्यावर तर पदही नाही. बाळंतिणीच्या घरी सिस्टर आशाताईला दाखवते: थर्मामीटर काखेत असा धर, काट्याच्या झोळीत बाळ असं ठेव, आकडा स्थिर झाल्यावरच वाच. हे शिकवणं नाही तर काय आहे?

बाळाचं वजन नोंदवहीत जातं. सिस्टरचं शिकवणं कुठेच जात नाही.

मग शिकवणाऱ्यांकडून नोकरीतल्या समाधानाचे फॉर्म भरून घ्यायचे कशाला? आधी रिक्त पदं भरा. शिकवण्याचा तास हा ड्युटीचा तास धरा आणि त्या तासाला ओपीडीत दुसरा माणूस बसवा. सिस्टरचं शिकवणंही कामात मोजा.

५ सप्टेंबरची शाल नंतर द्या. आधी वेळ द्या.