टाळू लाल, इयत्ता पहिली

प्रवेशाची पात्रता अगदी साधी आहे. डोक्यावर नुकतेच लावलेले केस हवेत, मोबाइलवर हप्त्याचा मेसेज हवा आणि कानात क्लिनिकमधल्या समुपदेशक बाईंचं वाक्य घुमत असावं: "सर, सात दिवसांत ऑफिस!" वाक्य खोटं नाही. सात दिवसांनी ऑफिसला खरंच जाता येतं. काय अवतारात, ते बाई सांगत नाहीत.

मी अंबरनाथ पूर्वेचा. माझ्या लावणीला परवा सोळा आठवडे झाले. लावणी हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण केसांची पेरणी होत नाही. बदलापूरच्या पुढे मुरबाडच्या बाजूला आषाढात भात लावतात, तशीच ही एका जागचं रोप उपटून दुसऱ्या जागी खोचण्याची गोष्ट आहे. लावणीनंतर भातसुद्धा आठवडाभर पिवळं पडून मान टाकतं. शेतकरी रोज उठून रोप उपटून मूळ धरलं का बघत नाही. आपण बघतो, म्हणून हा अभ्यासक्रम.

धडा पहिला : गणित

समजा तुमचे अडीच हजार ग्राफ्ट, म्हणजे केसांच्या मुळ्या, बसवले. एफयूई पद्धतीत डोक्याच्या मागच्या पट्ट्यातून एकेक मुळी जेमतेम मिलिमीटरभर तोंडाच्या नळीने कोरून काढतात. ही झाली अडीच हजार भोकं. पुढे साधारण तितक्याच चिरा पाडून त्यांत त्या मुळ्या बसवतात. म्हणजे एका दिवसात एका डोक्यावर पाच हजार जखमा. विळीवर बोट एकदा कापलं तर घरात केवढा गाजावाजा होतो, आठवून बघा.

जखम भरायची तर शरीर तिथे जास्तीचं रक्त धाडतं. बारीक रक्तवाहिन्या फुगतात, काही नव्या फुटतात. काम उरकलं तरी त्या लगेच आवरून घेत नाहीत. गणपतीचा मांडव निघतो आणि रस्त्यातले खड्डे दिवाळीपर्यंत राहतात, तसंच. खपल्या सात ते चौदा दिवसांत गळतात. लाली बहुतेकांची दोन ते सहा आठवड्यांत उतरते, पण काहींची तीन-चार महिने आणि क्वचित त्याहूनही जास्त रेंगाळते. गोऱ्या कातडीवर ती उठून दिसते, तर सावळ्या कातडीवर तांबूस-तपकिरी होऊन मुक्काम ठोकते.

आता या गणितातली खरी मेख. लावलेले केस दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत गळून जातात. मुळी आत शाबूत असते, वरचा केस जातो. नवा केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकावतो आणि पुरतं पीक यायला वर्ष लागतं. म्हणजे मधले दोन महिने तुम्ही टकले असताच, वर लालही असता. पैसे मोजून आधीपेक्षा वाईट दिसण्याचा हा काळ. यात माणूस आरशासमोर उभा राहून "आपल्याला शेंडी लावली का हो?" असं बायकोला विचारतो. शब्दशः लावलेलीच असते. धीर धरावा.

धडा दुसरा : टोपी

पहिले काही दिवस टोपी घालायची की नाही, कधीपासून आणि कुठली, हे ज्याने मुळ्या लावल्या त्या डॉक्टरलाच विचारा. साधारण दहा दिवसांत मुळ्या पक्क्या बसतात. त्याआधी घट्ट काही घातलं आणि काढताना ओढलं, तर टोपीबरोबर हप्त्याचा ऐवजही हातात येतो. हेल्मेट तर दूरच. गाडीची चावी बायकोकडे द्या.

दहा दिवस झाल्यावर मी टोपीच्या शोधात उल्हासनगरला गजानन मार्केटात गेलो. तिथे लग्नाच्या शेरवानीपासून पायमोज्यांपर्यंत काय मिळत नाही! क्रिकेटची टोपी पाहिली. तिची पुढची कड बरोबर नव्या केसरेषेवर टेकते, म्हणजे जिथे सर्वांत नाजूक तिथेच घासते. लोकरी टोपी पाहिली. एप्रिलमध्ये बदलापूर-अंबरनाथचा पारा मुंबईला मागे टाकून पळत असतो, त्यात लोकर घालणारा माणूस लाली लपवत नाही, जाहिरात करतो. मग दुकानदाराने प्रेमाने आरशांची सिंधी टोपी पुढे केली. देखणी वस्तू. पण ज्यांनी ती नीट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, सिंधी टोपीला पुढून कमानीसारखा काप असतो, त्यातून कपाळ मोकळं दिसतं. ती डोक्यावर चढवून मी आरशात पाहिलं. झाकायचं ते सोडून बाकी सगळं झाकलं गेलं होतं आणि त्या कमानीत माझी लाल केसरेषा देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी विराजमान होती. "साईं, एकदम फिट!" दुकानदार म्हणाला. फिट होतीच.

शेवटी मऊ सुती कापडाची, कडेला लवचीक पट्टी नसलेली, एक माप मोठी अशी गोल टोपी घेतली. दीडशे रुपये. रोज धुवायची, नाहीतर घामाने लालीला सोबत म्हणून पुरळ येतं.

धडा तिसरा : लोकल

ऑफिसात तुम्हाला समोरून बघतात, लोकलमध्ये वरून. सकाळच्या गाडीत खिडकी मिळणं हे अंबरनाथकराच्या कुंडलीतलं राजयोगाचं लक्षण, पण या काळात बसू नका. बसलेल्या माणसाची टाळू उभ्या असलेल्या पंधरा जणांच्या डोळ्यांखाली असते आणि ठाण्यापर्यंत त्यांना दुसरं काही बघण्यासारखं नसतं. शिवाय वर रॅक असतो. रॅकवर पिशवी असते, पिशवीत डबा असतो आणि गाडी कल्याणच्या सांध्यांवर हेलकावे खाते. उभे राहाल तर शेजाऱ्याचं कोपर. मी पहिले तीन आठवडे सकाळची सातची गाडी सोडून गर्दी ओसरल्यावर साडेदहाची धरली. साहेबांना सांगितलं, डोक्याची छोटी शस्त्रक्रिया झाली. त्यांचा चेहरा इतका पडला की खरं सांगायची हिंमत झाली नाही. अजून ते मला जड फाइल उचलू देत नाहीत.

लोक विचारतातच. 'उन्हाने भाजलं' हे उत्तर मे महिन्यापर्यंत चालतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गुलालाचं नाव पुढे करता येतं, पण आठ दिवसांनी 'अजून?' असा प्रश्न येतो. (खरा गुलाल मात्र जवळ फिरकू देऊ नका.) एका सोमवारी आईला घेऊन शिवमंदिरात गेलो होतो. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा लेख असलेलं आमचं हे वालधुनीकाठचं देऊळ. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि डोक्यावर शिखर पुरतं नाही, थेट आभाळ. तिथे टोपी काढून हात जोडले तर शेजारच्या आजी हळूच म्हणाल्या, "कुंकू पुसून घे बाळा, डोळ्यांत उतरेल." मी रुमालाने पुसल्यासारखं केलं. उतरलं नाही, हे बघून त्यांनी मला नमस्कार केला.

धडा चौथा : नातेवाईक आणि नळी

उपाय सुचवणाऱ्यांची या गावांत वानवा नाही. शेजारच्या काकू कोरफड घेऊन आल्या, बदलापूरच्या आत्याने फोनवर कांद्याचा रस सांगितला, आणि ऑफिसातल्या एकाने तर तुरटी. पाच हजार भोकांवर कांद्याचा रस! आत्याला म्हटलं, "आत्या, मी भजी नाही." रागावली. हळद, खोबरेल, लिंबू, टूथपेस्ट, सगळ्यांना एकच उत्तर ठेवा: "डॉक्टरांना विचारून सांगतो." डॉक्टरांना विचारायचीही गरज नाही.

यातून जो वाचतो तो मेडिकलच्या दुकानात सापडतो. इथे जरा थांबून सांगतो, कारण मी स्वतः काउंटरपर्यंत गेलो होतो. आपण ज्या हवेत वाढलो तिथे कुठलीच गोष्ट थांबून राहत नाही. सकाळी सोफ्याचा फोटो दाखवा, संध्याकाळी तसाच सोफा दारात. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये कोऱ्या जीन्सचा निळा रंग तासाभरात उतरवून ती दहा वर्षं अंगावर फिरल्यासारखी करून देणारे कारखाने होते, वालधुनीचं पाणी कधी निळं तर कधी लाल करून गेले. रंग उतरवण्यात ज्या गावाचा हात धरणारं कोणी नाही, तिथे माझ्या चार इंच कातडीचा रंग उतरत नाही, हे मनाला पटेना. मेडिकलवाल्याने डोक्याकडे पाहिलं आणि न विचारताच फळीवरून एक नळी काढली. "दोन दिवसांत साफ."

तो खोटं बोलत नव्हता. त्या नळीत तेज स्टेरॉइड असतं, ते फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवतं आणि दोन दिवसांत कातडी खरंच फिकी पडते. लावणं थांबवलं की लाली परत येते, बहुधा आधीपेक्षा गडद. मग पुन्हा लावायचं. असं महिने गेले की कातडी पातळ होते, खालच्या शिरा जाळीसारख्या दिसू लागतात आणि पुरळ येतं ते वेगळंच. चेहऱ्यावर हेच क्रीम गोरेपणासाठी चोळून बसलेल्या माणसांनी आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ हैराण आहेत. सौम्य स्टेरॉइड काही दिवसांपुरतं डॉक्टर देतातही, पण किती तेज, किती दिवस आणि कधी बंद, हा हिशेब त्यांचा. नळी परत फळीवर ठेवायला लावली. मेडिकलवाला दुखावला.

धडा पाचवा : अंघोळ, ऊन, आरसा

शॉवर बंद. मगात कोमट पाणी, त्यात लहान मुलांच्या शांपूचे दोन थेंब, बोटांनी फेस करायचा आणि तो फेस डोक्यावर नुसता ठेवायचा, चोळायचा नाही. मग मगाने हळूहळू पाणी सोडायचं. पहिल्यांदा हे बायकोने केलं. मोरीत प्लॅस्टिकच्या स्टुलावर मी आणि वर ती, एका हातात मग, दुसऱ्या हातात मोबाइलचा टॉर्च. "अहो, हलू नका, एक निघतोय असं वाटतंय." पुढचं अर्धं मिनिट मी श्वास घेतला नाही. निघाली ती खपली होती, तांदळाच्या कणीएवढी, मधे एक काळा केस. गळणाऱ्या खपलीबरोबर केस येतो, मुळी आत राहते, हे दोघांनाही पाठ होतं. तरी तिने ती कणी डबीत जपून ठेवली. डबी अजून आहे.

उन्हात उघड्या डोक्याने जाऊ नका, ऊन लाली लांबवतं. छत्री घ्या. पुरुषाने उन्हात छत्री घेतली तर लोक हसतात. लाल टाळूलाही हसतात, मग काय फरक पडतो? मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध चालू असेल तर आणि चालू करण्याआधीही डॉक्टरांना विचारा. त्यातल्या द्रावणाने काहींची टाळू खाजते आणि लाली वाढते. लालीसोबत खाज आणि पिवळसर पापुद्रे सुटू लागले, तर ती जुन्या कोंड्याची करामत असू शकते. त्याला वेगळा शांपू असतो.

आरसा मात्र आठवड्यातून एकदाच. लिफ्टच्या पांढऱ्या दिव्यात मी रोज सकाळी टोमॅटो असायचो आणि घरच्या पिवळ्या दिव्यात संध्याकाळी पीच. दिवसाला दोनदा आशा, दोनदा निराशा. शेवटी दर रविवारी सकाळी नऊला, त्याच खिडकीत, त्याच बाजूने एक फोटो काढायचं ठरवलं. लागोपाठचे दोन फोटो सारखेच दिसतात. पाचवा आणि अकरावा शेजारी ठेवला तेव्हा कळलं.

धडा सहावा : यात थट्टा नाही

लाली एकाच जागी राहून फिकी होत असेल तर ती तुमची सोबतीण. पण ती पसरत असेल, गरम लागत असेल, ठणका वाढत असेल, पू किंवा ताप असेल, किंवा कातडीचा एखादा भाग काळपट पडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि डॉक्टर म्हणजे डॉक्टर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सप्टेंबर २०२२मध्ये केस-प्रत्यारोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढून सांगावं लागलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. पाणीपुरी यूट्यूबवर शिका.

तोंडी परीक्षा

परवा संध्याकाळची बदलापूर लोकल. माझ्या केसरेषेवर आता बोटाला टोचतील एवढे खुंट आहेत आणि लाली इतकी फिकी की सांगितल्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी टोपी न घालता खुशाल खिडकीत बसलो होतो. दिवा स्टेशनला समोरचा माणूस, तिशीचा असेल, माझ्या कपाळाकडे एकटक बघू लागला. डोंबिवली गेलं. कल्याणला गर्दी उतरली तसा पुढे वाकला.

"किती?"

"अडीच हजार."

"आठवडा?"

"सोळा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि टोपी दोन बोटांनी वर उचलली. खाली शिजलेल्या बिटासारखी लाल पट्टी. "माझा चौथा. हे जातं का हो?"

ज्या उत्तराचा मला चार महिने संताप येत होता, तेच तोंडातून आलं. "जातं हो. वेळ लागतो."

त्याचा विश्वास बसला नाही. बसूही नये. टोपी खाली घेत तो म्हणाला, "तुम्हीसुद्धा टोपी घालत होता का?"

"हो, अशीच. सुती. गजानन मार्केटमधून."

"कितीला?"

"दीडशे."

तो पहिल्यांदाच हसला. "लुटलं तुम्हाला. ऐंशीला मिळते."