धर्माच्या गाईचे शास्त्रशुद्ध दोहन
(फुकट प्लगिन वापरणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका)

दिवसभर नोकरी करून, रात्री मुले झोपल्यावर लॅपटॉप उघडून कोणीतरी एक प्लगिन लिहितो आणि 'घ्या, वापरा' म्हणत जगाला फुकट देऊन टाकतो. असा माणूस धोकादायक असतो. वेळीच ताळ्यावर आणला नाही तर तो दुसरेही प्लगिन लिहील. तेव्हा सुजाण वापरकर्त्याने पुढील पायऱ्या क्रमाने पाळाव्यात.

पायरी १ : परवाना वाचू नये.
एमआयटी परवाना जेमतेम तीन परिच्छेदांचा आहे. त्यातला शेवटचा परिच्छेद सगळा मोठ्या अक्षरांत सांगतो, की सॉफ्टवेअर जसे आहे तसे दिले आहे, हमी कसलीही नाही आणि नुकसानीला लेखक जबाबदार नाही. हे वाचले की भांडताना आवाज खाली येतो. बॅकअपही घेऊ नये. बॅकअप असला की आकांतात जीव राहत नाही.

पायरी २ : तक्रार मोघम ठेवावी.
'चालत नाही, अर्जंट' एवढे पुरे. आवृत्ती कोणती, आधी काय दाबले, कोणता एरर आला, हे त्याचे त्याने ओळखावे. एवढा हुशार आहे ना? पुरावा लागलाच तर मोबाइलने मॉनिटरचा तिरका फोटो काढून पाठवावा, ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबासकट. अर्ध्या तासात उत्तर आले नाही तर एक तारा द्यावा आणि खाली लिहावे, 'प्लगिन छान आहे, पण सपोर्ट शून्य.'

पायरी ३ : दोष कोणाचा, या चौकशीत वेळ दवडू नये.
जो सापडेल त्याला धरावे. मॅकॅफीने आपल्या अँटिव्हायरसमध्ये एसक्यूलाइट हा मोफत डेटाबेस वापरला, तेव्हा लोकांच्या विंडोजमधल्या टेम्प फोल्डरात 'एसक्यूलाइट' नावाच्या फायली दिसू लागल्या. जागरूक नागरिकांनी ते नाव गुगलवर शोधले, निर्मात्यांचे फोन नंबर मिळवले आणि त्यांना रात्री झोपेतून उठवून जाब विचारला. शेवटी निर्मात्यांनी फायलींच्या नावात स्वतःच्या सॉफ्टवेअरचे नाव उलट्या स्पेलिंगने घातले. ही हकीकत त्यांच्या कोडमध्येच नोंदलेली आहे. होतकरूंनी तिचे नित्य पठण करावे.

पायरी ४ : कंपनी मोठी असेल तर मुदत छोटी द्यावी.
लॉगफोरजे या लायब्ररीतली भगदाडे गाजत होती, त्या जानेवारी २०२२ मध्ये 'कर्ल' या मोफत साधनाचे जनक, स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या अमेरिकी कंपनीची ईमेल आली. तुमच्या उत्पादनात लॉगफोरजे आहे का, वगैरे प्रश्नांची उत्तरे २४ तासांत द्या. कर्ल सी भाषेत लिहिलेले, लॉगफोरजे जावातले, आणि कंपनीने त्यांना कधी छदाम दिला नव्हता. 'सपोर्टचा करार करा, आनंदाने उत्तरे देतो,' असे ते उलट म्हणाले. फुकट देणाऱ्याला पैशांची भाषा शोभते का?

पायरी ५ : ब्राउझर बदलला तरी प्लगिनवाल्यालाच विचारावे.
नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला आणि जुन्या पद्धतीची अॅड-ऑन त्यात चालेनाशी झाली. ज्यांना ती टिकवायची होती त्यांनी ती नव्याने लिहायची होती, पुन्हा बिनपगारी. जुन्या अॅड-ऑनना जमणाऱ्या कित्येक गोष्टी नव्या पद्धतीत करताच येत नव्हत्या. अशा वेळी 'धर्माची गाय अन् दात का गं नाय' हा आपला परंपरागत सवाल ठणकावून विचारावा.

पायरी ६ : माणूस थकला की वारस मागावा.
ही पायरी सर्वांत फलदायी. 'एक्सझेड' हे फायली लहान करणारे साधन लिनक्समध्ये जिथेतिथे आहे आणि ते प्रामुख्याने लासे कॉलिन हा एकच माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी मंडळींनी त्याच्यामागे टुमणे लावले, की काम रखडलेय, दुसऱ्याला नेमा. हा बिनपगारी छंद आहे, असे त्याने सांगून पाहिले. मग जिया तान नावाचा मदतनीस हळूहळू कारभारी झाला आणि २०२४ मध्ये त्याच्याच हातून एक्सझेडमध्ये चोरदरवाजा बसला. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खोदून पाहिले, म्हणून मार्चअखेर तो उघडकीस आला. टुमणे लावणारी खातीही बनावट असावीत, असा आता दाट संशय आहे. गंमत अशी, की तोवर ती कोणाला वेगळी वाटली नव्हती. ती हुबेहूब आपल्यासारखीच बोलत होती.

निषिद्ध कृत्ये
तक्रारीआधी जुन्या तक्रारी चाळणे. अडचण पुन्हा कशी घडवता येते ते क्रमवार लिहिणे. दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत असल्यास देऊन टाकणे. सूचनांचे मराठी भाषांतर करून पाठवणे. 'तुमच्यामुळे काम झाले' असे कारण नसताना कळवणे. पैसे देणे तर मुळीच नको; बेंगळुरूच्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर करून आधीच वाईट पायंडा पाडला आहे.

एवढे करूनही निर्मात्याने वैतागून काम थांबवलेच, तर घाबरू नये. कोड खुला आहे, तो कोणीही पुढे चालवू शकतो. फक्त हा 'कोणीही' लवकरात लवकर पुढे यावा, अशी कडक शब्दांत मागणी करावी.