ग्रिलमधलं अभयारण्य

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात मोठं वनीकरण सुरू आहे. ते खिडकीच्या ग्रिलमध्ये चालतं, हा केवळ तपशील. मोगरा, अडुळसा, मनीप्लांट, शिवाय लिंबं धरतील या आशेवर चार वर्षं जपलेलं एक रोप. एवढ्याशा जागेत इतकं जंगल वनखात्यालाही जमलेलं नाही.

सिंचनव्यवस्था तर अनुकरणीय. तिसऱ्या मजल्यावर घातलेलं पाणी दुसऱ्या मजल्याच्या तुळशीला आणि तिथून पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींना मिळतं. थेंब वाया जात नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकू याबद्दल रोज सकाळी, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात आभार मानतात.

पूर्वेला ठाण्याच्या खाडीकाठी तिवरांचंही जंगल आहे. खाऱ्या चिखलात उभी राहून, मुळं वर काढून श्वास घेणारी झाडं; ना कोकोपीट, ना झारीचं पाणी. अशांचा छंद तो काय जोपासायचा? खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला.

ग्रिलही मागे नाही. मोगऱ्याशेजारी एक गुलाबी फ्लेमिंगो उभा आहे, प्लॅस्टिकचा, घराकडे तोंड करून. खाडीच्या बाजूची खिडकी डासांमुळे कायमची बंद असते.