साडेपाच तास मागे

तुमचा कॉम्प्युटर बरा चाललेला ज्याला बघवत नाही, असा एक जण तुमच्याकडेही असेलच. आमच्या सणसवाडीतले दादा पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरतात, चहा मागतात आणि विचारतात, "हार्ड डिस्क केवढी?" पाचशे जीबी म्हणायची खोटी! "मग शंभर काढू की लिनक्सला!"

नगर रोडलगतच्या गुंठ्यांना भाव आल्यापासून इथल्या माणसाला वाटणी म्हटलं की धडकी भरते. दादांना तिचाच उत्साह. जुन्या एमबीआर डिस्कवर प्रायमरी पार्टिशन चारच. पाचवं हवं तर एक एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल काढायची, म्हणजे चौथ्या भावाच्या वाट्यात पोटहिस्से. "बॅकअप घेतलाय ना?" हे दादा पट्टी अर्धी सरकल्यावर विचारतात.

खरं दुखणं घड्याळाचं. मदरबोर्डवरची वेळ लिनक्स यूटीसी धरतं, विंडोज स्थानिक. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. एका कमांडचं काम, पण दादा ती देत नाहीत. "लिनक्सचं बरोबर आहे. विंडोजनं सुधारावं." दुकानवाल्या वहिनींकडून गिऱ्हाईक भर दुपारी बाराला तेल नेतं, बिलावर सकाळचे साडेसहा. वहिनी चिडल्या, तर म्हणे, "ग्रिनिचला आत्ता तेवढेच वाजलेत." हल्ली दादा लग्नात पंगत उठल्यावर पोचले, की ग्रिनिचच्या मुहूर्तावर आले म्हणतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि जो तो नवीन मशीन घ्या म्हणू लागला. दादा मात्र कंत्राटी कामगारांच्या खोल्यांवर जाऊन पोरांच्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकत फिरले. पैसे घेत नाहीत, हे कबूल करावंच लागेल. एकदा मीही सोबत होतो. पत्र्याची, बिनखिडकीची खोली. कॉट एक, झोपणारे दोन, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. रात्रीचे नऊ वाजलेले. सगळं नीट बसलंय ना बघायला दादांनी विंडोज उघडलं. पोराचा बाप दचकून उठला, स्क्रीनकडे बघून "साडेतीनच?" म्हणाला आणि पुन्हा चादर ओढली. दहाला त्याची बस.

दादांनी त्याला हलवून उठवलं, मशीन पुन्हा लिनक्समध्ये नेलं आणि तोंडातून चकार शब्द न काढता ती कमांड दिली. वहिनी अजून साडेसहालाच तेल विकतात.