पिंजऱ्यातलं बिऱ्हाड

कुत्रा पाळणाऱ्याचं लोक कौतुक करतात, मांजर पाळणाऱ्याला समजून घेतात, पोपट पाळणाऱ्याला निदान "बोलतो का हो?" एवढं तरी विचारतात. उंदीर पाळणाऱ्याकडे मात्र आधी संशयाने आणि मग कीव आल्यासारखं पाहिलं जातं. माझ्या भाच्याने पांढऱ्या उंदरांची जोडी घरी आणली, तेव्हा शेजारच्या काकूंनी पिंजऱ्यात वाकून पाहिलं आणि बहिणीला विचारलं, "विकत आणलेत?"

काकूंचंही बरोबरच होतं म्हणा. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी पैसे खर्च केले ते उंदीर घालवण्यावर. त्यांच्या आजेसासूबाई प्लेगच्या गोष्टी सांगत असत. 1896 मध्ये प्लेग मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात त्याने हाहाकार केला. घरात उंदीर पडला की माणसं होतं तसं घर टाकून गावाबाहेर झोपड्या बांधून राहत. ती धास्ती लोणच्याच्या बरण्यांबरोबर सुनांकडे येत गेली. आणि तरी याच काकू भाद्रपदात गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदरालाही हळदकुंकू वाहतात. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या देवळात चांदीच्या उंदराच्या कानात नवस सांगताना, तो दुसऱ्या कानाने निघून जाऊ नये म्हणून तिकडे हात धरतात. तोच गडी ओट्यावर दिसला की लाटणं. आपला धर्म सहिष्णू आहे, पण ओट्यापर्यंतच.

खरं पाहता उंदराने आपल्याला पाळायला घेतलं, त्याला पंधराएक हजार वर्षं झाली. पश्चिम आशियातली माणसं अजून शेती करू लागली नव्हती, नुसती एका जागी घर करून राहू लागली होती, तेव्हाच हा प्राणी त्यांच्या घरात शिरला. माणूस राहतो कुठे, सांडतो किती, झोपतो केव्हा, याचा त्याने अभ्यास केला आणि आपल्याला राहण्याजोगं ठरवलं. पुढे आपण जिथे गेलो तिथे तो आलाच. बोलावणं त्याने कधी मागितलं नाही, आपण कधी दिलं नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

बोलावणं देण्याची हौस पहिल्यांदा कुणाला सुचली हे सांगणं कठीण, पण जपानात ती लवकर सुचली. क्योतोमध्ये 1787 साली शौकाचे उंदीर कसे वाढवावेत, कुठल्या रंगाची पिल्लं कशी मिळवावीत, यावर चक्क एक पुस्तिका छापली गेली. तिकडचे नाचरे उंदीर पुढे युरोप-अमेरिकेत फार गाजले. ते गोल गोल गिरक्या घेत. पाहणारे खूश होत, पण त्या उंदरांच्या कानाच्या आतल्या भागात जन्मजात दोष असे. त्यांना तोल सावरत नसे आणि ऐकूही येत नसे. टाळ्या त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हत्या.

इंग्रजांनी मात्र या हौसेला घटना, नियमावली आणि परीक्षक दिले. वॉल्टर मॅक्सी नावाच्या गृहस्थांच्या पुढाकाराने 1895 मध्ये तिथे नॅशनल माऊस क्लब निघाला. त्यांच्या प्रदर्शनांसाठीचा ठरावीक लाकडी पिंजरा आजही मॅक्सींच्याच नावाने ओळखला जातो. प्रदर्शनातला उंदीर कसा असावा याचे निकष वाचताना मला आपल्याकडचे जुने मुलगी पाहण्याचे कार्यक्रम आठवले. अंग लांबसडक, डोळे मोठे आणि पाणीदार, कान ट्यूलिपच्या फुलासारखे उभे, त्यावर चुणी नको. शेपूट बुंध्याशी जाड, मग चाबकासारखी निमुळती होत गेलेली आणि लांबीला साधारण अंगाएवढी. पत्रिकेचं तेवढं राहिलं.

पण या सगळ्या मंडळींत माझी आवडती बाई म्हणजे अ‍ॅबी लॅथ्रॉप. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावची ही निवृत्त शिक्षिका. कोंबड्या पाळून पाहिल्या, जमलं नाही, म्हणून 1900च्या सुमाराला शौकिनांना विकण्यासाठी तिने उंदीर पाळायला घेतले. जोडीपासून सुरू झालेला हा संसार दहा हजारांच्या वर गेला. पिंजरे साफ करायला गावातल्या मुलांना ती तासाला 7 सेंट देई. पुढे हौशी गिऱ्हाइकांपेक्षा प्रयोगशाळांचीच मागणी वाढली. काही उंदरांच्या कातडीवर गाठी आहेत हे तिच्या लक्षात आलं, तशी ती गप्प बसली नाही. शास्त्रज्ञांना कळवलं, आणि लिओ लोब यांच्याबरोबर कर्करोगावरच्या संशोधनात स्वतः उतरली, त्यांच्या जोडीने शोधनिबंध लिहिले. तिच्याकडच्या 57 नंबरच्या मादीच्या वंशातले काळे उंदीर आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. त्याच वाणाचा जनुकीय आराखडा 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. निवृत्त बाईंनी वेळ घालवायला काय करावं यावर आपल्याकडे पुष्कळ सल्ले दिले जातात, त्यांत हे कुणी सुचवलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

भाच्याचा कारभार लहान, पण दिशा तीच. दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिलेल्या जोडीने लवकरच त्याचं म्हणणं खोटं ठरवलं. उंदरीण तीन आठवड्यांत विते, आणि बाळंत झाल्यावर चोवीस तासांच्या आत तिला पुन्हा दिवस राहू शकतात. भाच्याने कागदावर गुणाकार मांडला आणि तो कागद आईला दाखवला. संध्याकाळच्या आत नराला स्वतंत्र बिऱ्हाड मिळालं.

नराची एक खोड म्हणजे वास. आपली हद्द तो जागोजागी मुतून आखतो. दुसरी खोड म्हणजे गाणं. मादीची चाहूल लागली की तो गातो, पण इतक्या वरच्या पट्टीत की माणसाच्या कानाला ते कळतच नाही. भाच्याने ही माहिती मोठ्या अभिमानाने आईला सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे गाणं तिला आणि वास आम्हाला."

पाहुणे पिंजऱ्यासमोर उभे राहिले की त्यांना हमखास तत्त्वज्ञान सुचतं, ते त्या चाकामुळे. बिचारा धावतोय, पोचत कुठेच नाही, आपलंही असंच वगैरे. एक काका तर डोळे पुसायच्या बेतात आले होते. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी असली चाकं बाहेर मोकळ्यावर ठेवून पाहिली आणि 2014 मध्ये निष्कर्ष छापले. रानातले उंदीर, ज्यांना कुणी कोंडलेलं नाही, ते आपण होऊन येत, चाकात धावत, उतरत आणि पुन्हा चढत. बेडूकही चढले. बिनशंखाच्या गोगलगायीसुद्धा चढल्या. गोगलगायीला कुठे पोचायची घाई असेल असं वाटत नाही. मौज वाटली, धावले. रहाटगाडगं आपलं असेल, त्यांचं नाही.

मला या प्राण्यात आवडतं ते हेच, की तो आपल्याला फारसं मनावर घेत नाही. दारात वाट पाहत नाही, रुसत नाही, आजारपणात उशाशी बसत नाही. तळहातावर राळे ठेवले तर येतो, खातो, मिशा पुसतो, जातो. पिंजऱ्याबाहेरच्या माणसाला मालक म्हणायचं ते कायद्यापुरतं. वर्तमानपत्र अंथरणं, लेंड्या काढणं, पाणी भरणं ही कामं बघितली तर मालकी नेमकी कुणाची हा प्रश्न पडावा. भाचा मला मामा म्हणतो आणि त्या नरालाही उंदीरमामाच म्हणतो. आम्हा दोघांत कोणाची जास्त विचारपूस होते हे मी सांगत बसत नाही.

परवा सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं. औषध फवारायचं आणि गोंदाचे पुठ्ठे लावायचे म्हणून भाच्याने दोन्ही पिंजरे जिन्यात आणून ठेवले होते. कामगार आला, पाठीवरचा पंप उतरवला आणि पिंजऱ्यांसमोर उकिडवा बसला. काकू दारातूनच म्हणाल्या, "यांचंही बघा जरा." त्याने पाहिलं. मग भाच्याला विचारलं, "खायला काय घालतोस?"

"राळे, बाजरी. कधी काकडी."

"तरीच ही मादी वाळलीय. पिल्लं पाजतेय ना? उकडलेलं अंडं दे तिला चिमूटभर. शेंगदाणा दे, पण खारा नको." गोंदाच्या पुठ्ठ्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवता ठेवता त्याने आणखी बरंच सांगितलं. भाचा शेजारी बसून सगळं लिहून घेत होता.